वाघजाईच्या खिंडीतला कोंबडा

आमच्या थोरल्या दिरांना देवापेक्षा सोसायटीची भीती जास्त. नवसाचा कोंबडा त्यांनी आदल्या संध्याकाळीच भाईंदरच्या बाजारातून आणला. सिल्व्हर पार्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारी सगळे जैन, हा आरवला तर कमिटी दारात येईल, म्हणून त्याच्या चोचीला रबरबँड गुंडाळला, त्याला ऑफिसच्या सॅकमध्ये घातला आणि वर चेन ओढली.

"भाऊजी, मरेल तो," मी म्हटलं.

साईराजभाऊजी इस्टेट एजंट. त्यांना जगातलं सगळं कळतं. "नाय मरत गं. सॅकला भोकं पाडलीयत."

नवस सासूबाईंचा, विमलाबाईंचा. माझ्या सान्वीला कावीळ झाली, पोर पार वाळून गेली, तेव्हा त्या गावच्या वाघजाईला बोलल्या होत्या: नात उठू दे, तुझ्या खिंडीत अनवाणी चढून कोंबडा देईन. नात उठली. डॉक्टरांनी तिचं तेलकट अजून बंद ठेवलंय, पण सासूबाईंना धीर कुठला. ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने पहिला घास खायचा आणि मांस खिंडीच्या खाली आणायचं नाही, ही तिथली रीत.

पहाटे सुमो केली. रायगडातलं गाव गाठून चालायला लागलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दरीत चिटपाखरू नव्हतं. एरवी मला ती शांतता आवडली असती. पण पुढे भाऊजी चालत होते आणि दर वळणाला गुटख्याची पिंक टाकत होते. मी त्या पिंका चुकवत चढत होते. वाट कसली, नुसता घसरता मुरूम. जागोजागी हातापायांवर चढावं लागत होतं आणि हात टेकायचा म्हटलं की मला किळस यायची. सान्वी अमोलच्या, माझ्या नवऱ्याच्या, खांद्यावर होती. सासूबाई मात्र भाजलेल्या पायांनी आमच्याही पुढे गेल्या होत्या.

सुक्या ओढ्यात बसलो. भाऊजींनी पाण्याच्या बाटलीसाठी सॅक उघडली आणि भपकन वास आला. कोंबडा मरून पडला होता. मान लुळी, पिसं विष्ठेने चिकटलेली, डोळ्यांवर माश्या. रबरबँड तसाच होता. या शहाण्याने गाव सुटल्यावरसुद्धा तो काढला नव्हता.

"आईला बोलायचं नाय," भाऊजी म्हणाले.

"बोलायलाच पाहिजे. गावातून दुसरा आणा."

"एवढं उतरून परत चढायचं? वेडी झालीस काय?"

अमोल मध्ये पडला. "मी सांगतो आईला. तू नको बोलूस, तिला तुझ्याकडून लागेल. सान्वीला घे आणि हळूहळू ये."

नवराच तो. मी विश्वास ठेवला.

शेवटचा चढ पोरीला कडेवर घेऊन चढले. खिंडीत पोचले तेव्हा भाऊजी शेंदराच्या दगडासमोर सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. कोयता चालला. जिवंत कोंबड्याचं रक्त उडतं. याच्यातून काळपट गुठळ्या आल्या, त्याही दाबल्यावर. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या.

"तू सांगितलं नाहीस," मी अमोलला हळूच म्हटलं.

"अगं, देवीला काय कळतंय? होऊन जाऊ दे. कोण खातंय ते?"

मग मीही चुलीसाठी काटक्या गोळा केल्या. तीन दगडांवर टोप चढला. भाऊजींनी मसाल्याची अख्खी पुडी रिकामी केली, तरी खालचा तो वास जाईना. पत्रावळी मांडल्या. भाऊजींच्या पानावर मांस नुसतंच पडून होतं. अमोलच्या पानाला तर रस्साही लागला नव्हता.

सासूबाईंनी काळीज शोधून काढलं, फुंकून गार केलं आणि सान्वीच्या तोंडाशी नेलं. मी अमोलकडे पाहिलं. तो पलीकडचे डोंगर बघत होता.

मी सासूबाईंच्या हातातून तो तुकडा ओढून घेतला. "आई, कोंबडा वाटेतच मेला होता. सडलाय तो."

त्यांनी बोटं पदराला पुसली. "ठावं हाय मला. कोंबड्या पाळण्यात जल्म गेला माजा. मेल्याला रगत न्हाय येत."

माझा कानांवर विश्वास बसेना. "माहीत होतं? आणि तरी तिला भरवत होतात?"

"नवस तिच्याच जिवाचा हाय. नाय फेडला आन् पुन्ना काय झालं, तर?" त्या खरंच घाबरल्या होत्या, आणि म्हणून मला त्यांचीही शिसारी आली. लेकरू वाचवायला लेकराला मढं चारायचं.

हातातला तुकडा चिकट होत चालला होता. "तिच्या बापाने खाल्ला तर फिटतो का नवस?"

सासूबाईंनी देवीकडे पाहिलं, मग धाकट्या मुलाकडे. "फिटतो. बाप म्हंजे तिचंच रगत."

मी काळीज अमोलच्या कोऱ्या पानावर ठेवलं. भाऊजी खाली मान घालून बसले. सान्वी बापाकडे बघत होती.

अमोलने बोटाच्या टोकाने पत्रावळ सान्वीपुढे सरकवली.

"छोटासा तुकडाय," तो म्हणाला. "एवढ्याने काय होतंय तिला?"