मूठ टेकून

"पोर जमिनीवरून उठताना तळहात टेकत नाही, मूठ टेकते. बघ जरा," सासूबाई गेल्या वर्षी म्हणाल्या होत्या. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. "आई, जिम्नॅस्टिक्समध्ये असंच शिकवतात," मी ठोकून दिलं. मला काडीची माहिती नव्हती.

माझी मुलगी दहा वर्षांची. खारीसारखी सरसर चढते म्हणून घरात तिला खारूच म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, रोज तीन तास सराव. स्पर्धेला जाणाऱ्या सहाजणींची नावं सरावाच्या हॉलमधल्या फळ्यावर असत. सरावात दुखतंय म्हणून जी बाकावर बसेल तिचं नाव शिकवणाऱ्या बाई ओल्या फडक्याने पुसत, सगळ्यांदेखत.

पोरांना कणकण आली तरी तासातासाला ताप बघणारी मी. आणि तिच्या मनगटांना रोज पट्टी मीच गुंडाळत होते.

"अजून घट्ट कर ना गं."

"दुखतंय का?"

"छे! दमलंय नुसतं."

मग एका सकाळी तिला डब्याचं झाकण उघडेना. "पहिलवान हरली!" धाकटा खिदळला. खारू रडली. ती पडली तरी कधी रडत नाही.

डॉक्टरांनी तिला टेबलावर हात दाबायला सांगितला. तिने मूठ ठेवली.

"तळहात, बाळा."

"बाईंना सांगणार नाही ना?"

तळहात टेकला आणि तिचे ओठ पांढरे पडले.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, कुठे पडल्याचा मार नाही हा. हातांवर उलटं उभं राहून, रोजचं वजन घेऊन झालंय. मनगटाजवळच्या ज्या कोवळ्या पट्टीतून हाड वाढतं, ती डाव्या हातात वेळेआधीच मिटलीय, ते हाड आता वाढणार नाही. शेजारचं हाड मात्र वाढतच राहणार आणि मनगटात घुसणार. ऑपरेशन लागेल, तेही कदाचित एकदाच नाही. उजवा हात आज थांबली तर वाचेल.

"दुखायला लागलं तेव्हाच आणलं असतंत..." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

जिना उतरताना खारू म्हणाली, "मुठीवर कमी दुखतं. मीच शोधून काढलं. छोट्यांनापण शिकवलंय, चौघींना."

मी तिथूनच बाईंना फोन लावला. "खेळ म्हटला की दुखणारच. तिचं नाव पुसू ना?" एवढंच त्या बोलल्या. चौघींपैकी दोघींच्या आया सापडल्या. एकीने ऐकून घेतलं. दुसरी म्हणाली, "तुझी सुटली म्हणून आमचीही काढायची का?" उरलेल्या दोघींची घरं मला ठाऊक नाहीत. हॉलच्या दारावरून बाईंनी मला परत पाठवलं.

त्यातली एक कदाचित तुमच्याच घरात असेल. दुखतंय का, असं विचारू नका, ती 'छे' म्हणेल. आज ती जमिनीवरून उठताना तेवढा तिचा हात बघा.