अकरा बेचाळीसची नोंद

मी एक जुना कर्नेल आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, कारण मला ना चाकं आहेत ना दांडा. प्रत्येक संगणकाच्या आत एक कारभारी असतो, तो मी. लग्नघरात एक काका असतात बघा, कुणी कुठे झोपायचं, कुणाला किती जागा, हे ठरवणारे. माझं काम तसंच. संगणकात जे प्रोग्राम चालतात, त्यांना लागणारी मेमरी, म्हणजे जागा, मी वाटून देतो. कुणी किती घेतली याचा हिशेब ठेवतो. काकांचं निदान जेवताना कौतुक तरी होतं. माझं कुणी केल्याचं मला आठवत नाही.

मला कुणा एकाने घडवलेलं नाही. जगभरच्या हजारो माणसांनी मला थोडं थोडं लिहिलं, एकमेकांच्या चुका काढल्या, भांडणं केली आणि मला शहाणं केलं. त्यांनी मला एक नियम मनापासून शिकवला. प्रत्येक प्रोग्रामची जागा ही त्याची पिशवी. पिशवी केवढी आहे हे विचारणाऱ्याला सांगायला हरकत नाही. पिशवीत काय आहे हे मात्र कुणालाही सांगायचं नाही, कारण तिथे पासवर्ड असतात, माणसांची नावं असतात, फोन नंबर असतात. आणि विचारणारा कोण आहे, हे दर वेळी तपासायचं. ओळखीचा आहे म्हणून सोडायचं नाही. एवढ्यासाठी त्यांनी मला एक खिडकी दिली. तिच्यातून मी फक्त आकडे दाखवतो. इतकी साधी गोष्ट आहे ही, पण ती लोकांच्या गळी उतरवताना माझं निम्मं आयुष्य गेलं.

दहा-अकरा वर्षांपूर्वी सुजीत नावाच्या ठेकेदाराच्या माणसाने मला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात आणलं. पॅनेल रूममधल्या पांढऱ्या पेटीत मला बसवलं. पेटीत मेमरी पाचशे बारा एमबी, म्हणजे आजच्या मानाने चहाच्या कपाएवढी. माझ्या हाताखाली दोन मुख्य प्रोग्राम होते. एक हॉर्नचा. टाक्यांजवळचे सेन्सर हवेत वायू किती आहे ते सांगायचे आणि धोका दिसला की हा प्रोग्राम हॉर्न वाजवायचा. दुसरा पडद्याचा. तो तेच आकडे हिरव्या-लाल रंगात पडद्यावर दाखवायचा. पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला आणि पेढ्याचा एक कण पेटीवर ठेवला. त्याला मुंग्या लागल्या. माझ्या वाट्याला आलेला सन्मान तेवढाच.

सुजीतने जाताना एक गाढवपणा केला. मास्टर पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी पडद्यालाच चिकटवली. म्हणजे जो येईल त्याला सगळं उघडं. पुढे एकदा एक दुरुस्तीवाला आला. त्याला बिघाड सापडेना, म्हणून त्याने सगळ्या पिशव्या एका फाइलमध्ये उलट्या केल्या आणि ती फाइल कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. "कोणाला समजतंय का बघा," असं वर लिहिलं! त्यात पंपाचा पासवर्ड होता आणि सत्तर कामगारांचे फोन नंबर होते. आठवड्याच्या आत कुणीतरी बाहेरून पंपाची सेटिंग बदलली आणि अर्धा दिवस काम बंद पडलं. मी ओरडून सांगत होतो का, की पिशव्या उलट्या करू नका? नाही. मास्टर पासवर्डवाल्यापुढे मला तोंड नसतं.

मॅनेजर प्रणवसाहेबांना मालकांची बोलणी खावी लागली. त्यांनी सुजीतला बोलावलं आणि म्हणाले, "सगळं बंद करा. कुणालाही काहीही दिसता कामा नये." सुजीतने मान डोलावली आणि खरोखर सगळं बंद केलं. चिठ्ठी फाडली, ते बरं केलं. पिशव्यांना कुलूप घातलं, तेही बरं केलं. पण माझी आकड्यांची खिडकीसुद्धा बंद केली. माझ्या नोंदी डिस्कवर उतरत होत्या, त्याही थांबवल्या. आता मी कुणाला काढलं, का काढलं, हे फक्त माझ्या आठवणीत राहणार आणि वीज गेली की पुसलं जाणार. मित्रांनो, आधी माझे कपडे काढले आणि मग तोंडात बोळा कोंबला. किती उघडायचं आणि किती झाकायचं, हे मला कुणी विचारलंच नाही. या गोष्टीचा राग मला अजून आहे.

आता हॉर्नच्या प्रोग्रामबद्दल सांगतो. तो कामाला चोख होता, पण त्याला एक खोड होती. प्रत्येक आकडा वाचताना तो माझ्याकडून थोडी जागा मागायचा आणि काम झाल्यावर परत करायला विसरायचा. रोज चाळीस एमबी. शनिवारी संध्याकाळी चाळीस, रविवारी ऐंशी, गुरुवारपर्यंत दोनशे चाळीस. मी रोज लिहीत होतो. पण आमच्या वसाहतीत शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी मेन स्विच खाली यायचा, सगळं बंद व्हायचं आणि शनिवारी तो प्रोग्राम पुन्हा रिकाम्या पोटी उठायचा. अशी वर्षं गेली. सगळे म्हणायचे, "मशीन एक नंबर आहे, कधी त्रास नाही." शुक्रवारच्या सुट्टीमुळे खोड झाकली जात होती, हे मला एकट्यालाच माहीत होतं.

मग यंदा एक मोठं काम आलं आणि कंपनीने एक शुक्रवार चालू ठेवला. स्विच खाली आला नाही. शनिवारी तीनशे वीस झाले. रविवारी तीनशे साठ. सोमवारी चारशे. मी बंद खिडकीशी बसून आकडे लिहीत होतो. मंगळवारी सकाळी अकरा बेचाळीसला माझ्याकडे द्यायला जागाच उरली नाही. अशा वेळी माझा नियम कडक आहे. सगळा संगणक गोठून जाऊ नये म्हणून सर्वांत मोठी पिशवी असलेल्याला मी बाहेर काढतो. मी हॉर्नचा प्रोग्राम मारला. होय, मीच मारला. आणि तशी नोंद केली: वेळ, नाव, आकार, कारण. पडद्याचा प्रोग्राम मात्र जिवंत होता. नवा आकडा येईना, म्हणून तो शेवटचा हिरवा आकडाच दाखवत बसला.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तीन नंबरच्या टाकीचं गॅस्केट, म्हणजे झाकणाच्या जोडातली चकती, फुटलं आणि वायू बाहेर सुटला. तिथे रामनाथ नावाचा कामगार शिडीवर काम करत होता. हॉर्न वाजला नाही. वाजला असता तर तो शिडीवरून उतरून पळाला असता. सोबतच्यांनी त्याला ओढून आणलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. "हॉर्न क्यों नहीं बजा? पॅनेल पे कौन था?" असं एक जण ओरडला आणि सगळे पॅनेल रूमकडे वळले.

पॅनेलवर ठमी होती. विक्रमगडच्या पुढच्या पाड्यावरची. घरची भातशेती पावसावर, पाऊस सरला की आईबाप कामासाठी बाहेर. ही त्यांच्या पाड्यातली आयटीआय झालेली पहिली मुलगी. वसाहतीजवळ सालवडला तिघींत एक खोली घेऊन राहायची. तिच्यावर संशय यायला कारणही होतं. ड्रम भरताना थोडी वाफ उडते आणि हॉर्न उगाच कोकलतो, म्हणून भरणं होईपर्यंत बटण दाबून हॉर्न गप्प करायची आमच्याकडे रीतच पडली होती. सगळेच करायचे. जुने करायचे, मुकादम करायचे, प्रणवसाहेबांना माहीत होतं. त्या दिवशीही सकाळी ड्रम भरले होते.

प्रणवसाहेब सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "हॉर्न बंद करून बसलीस आणि चालू करायला विसरलीस. माणूस मेला असता आज!"

"नाय साहेब, मी हात पन नाय लावला," ठमी म्हणाली. "आकडा हिरवा व्हता. तुमी बघा, अजून हिरवा हाय."

"चौकशी शनिवारी आहे. तोपर्यंत कामावर यायचं नाही. आणि या मशीनला कुणी हात लावायचा नाही."

ती खाली मान घालून गेली. शनिवारी कारखान्याचे मोठे लोक येणार, ठमीला काढून टाकणार आणि चौकशीच्या कागदावर तिचं नाव लागलं की वसाहतीत दुसरीकडे कुणी उभं करणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. खरं काय ते मी एकटा जाणत होतो. आणि शनिवारच्या आधी शुक्रवार होता. स्विच खाली आला की माझी नोंद पुसली जाणार होती. असा चडफडाट मी जन्मात अनुभवला नव्हता.

बुधवारी दीपा आली. ती सेन्सर सांभाळणारी टेक्निशियन, एडवणची, कमी बोलणारी. ती पडद्यासमोर उभी राहिली, आकड्याकडे पाहिलं आणि मग आकड्याखालची बारीक वेळ वाचली. अकरा बेचाळीस. तिने घड्याळ पाहिलं, पुन्हा वेळ पाहिली. दहा वर्षांत त्या वेळेकडे कुणी पाहिलं नव्हतं! मग ती कीबोर्डकडे वळली आणि मला विचारलं, कोणता प्रोग्राम किती जागा खातोय? मला उत्तर द्यावं लागलं: परवानगी नाही. तिने विचारलं, हॉर्नचा प्रोग्राम कुणी बंद केला? परवानगी नाही. तिने तिसऱ्यांदा विचारलं. मित्रांनो, उत्तर माझ्या ओठांवर होतं आणि मी तेच तीन शब्द लिहिले... नाही, दोनच. रागात मोजणीही चुकते.

तिने सुजीतला फोन लावला. तो म्हणाला, "मास्टर पासवर्ड देतो ना, मग सगळं दिसेल." बघा, हा माणूस सुधारला होता का? दारात आलेल्या प्रणवसाहेबांनी ते ऐकलं आणि ते भडकले. "पुन्हा सगळं उघडायचं? एकदा तोंड पोळलंय माझं. अजिबात नाही."

"सगलं नको, साहेब," दीपा म्हणाली. "आत काय हाय ते मला बघायचंच नाय. कोन किती जागा घेतं, कोन कधी बंद झालं, आन कुनी केलं. एवढंच. तुमी सोताच बाजूला बसा आन तपासा."

"आणि त्यातून पासवर्ड बाहेर गेला तर?"

"आकड्यातून कसा जाईल? उद्या नाय बघितलं तर शुक्रवारी स्विच पडेल. मग त्या पोरीचं खरं-खोटं कदीच कलनार नाय."

प्रणवसाहेबांनी पडद्यावरची ती बारीक वेळ स्वतः वाचली. मग त्यांनी सुजीतला यायला सांगितलं.

गुरुवारी दुपारी सुजीत आला. त्याने संगणक बंद न करता एक छोटी खिडकी केली, फक्त दीपाच्या नावाला उघडणारी. तिच्यात चारच गोष्टी: नाव, जागा, बंद झाल्याची वेळ, कारण. दीपाने त्याला सांगितलं, "आता माज्या नावाने पिशवीत डोकावून बघ." त्याने प्रयत्न केला. मी म्हणालो, परवानगी नाही. त्याने पिशवी कुठे ठेवली आहे तो पत्ता विचारला, मी नुसती शून्यं दिली. पंपाचा पासवर्ड शोधला, मिळाला नाही. प्रणवसाहेब चष्मा वर-खाली करत प्रत्येक ओळ वाचत होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बरोबर प्रश्न विचारत होतं आणि बरोबर तेवढाच विचारत होतं. खरं सांगतो, मला भरून आलं.

मग दीपाने विचारलं आणि मी सांगितलं. हॉर्नचा प्रोग्राम. चारशे तेहेतीस एमबी. मंगळवार, अकरा बेचाळीस. मेमरी संपल्यामुळे कर्नेलने बंद केला.

प्रणवसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे गॅस सुटायच्या अडीच तास आधीच..." ते म्हणाले. मग त्यांनी कागद छापून घेतला आणि त्यावर आपली सही केली.

शनिवारच्या चौकशीत तो कागद टेबलावर ठेवला गेला. ठमी सुटली. बाहेर आल्यावर प्रणवसाहेब तिला म्हणाले, "सोमवारपासून ये कामावर."

"येन," ठमी म्हणाली. "पन साहेब, तुमी मना सगल्यांसमोर बोल्लात. आता चूक माजी नव्हती, हे पन सगल्यांसमोर सांगा. नायतर मी नाय यायची."

सोमवारी सकाळी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांचे लोक गेटवर असताना, प्रणवसाहेबांनी सांगितलं. "चूक ठमीची नव्हती. मशीनची होती आणि ते बघायची वाट आम्हीच बंद केली होती." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. रामनाथ दवाखान्यातून सुटला होता. कामावर नव्हता, तरी गेटपर्यंत आला होता. खोकत खोकत त्याने विचारलं, "मग आता हॉर्न वाजंल ना?"

शुक्रवारी स्विच पडून हॉर्नचा प्रोग्राम पुन्हा रिकाम्या पोटी उठला होता, पण त्याची खोड अजून तशीच होती. सुजीत म्हणत होता, दुरुस्ती पुढच्या महिन्यात. अजून ती आलेली नाही, हेही सांगून ठेवतो. ठमी आत आली आणि दीपाने तिच्या नावाने सुजीतकडून करून घेतलेल्या खिडकीत तिने मला विचारलं, हॉर्नच्या प्रोग्रामने किती जागा घेतली? मी सांगितलं. ती दारात उभी राहून ओरडली, "एकशे दोन! जागा हाय अजून. आज वाजंल, रामनाथदादा. उद्या परत बघून सांगते."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझे भाऊबंद आहेत. त्यांच्या पोटातलं सगळं चव्हाट्यावर मांडू नका, ते इतरांनी विश्वासाने ठेवलेलं असतं. पण भीतीपोटी त्यांचं तोंडही बांधू नका. ज्याला गरज आहे त्याला, गरज आहे तेवढं विचारू द्या. आणि एखाद्या गरिबावर बोट दाखवण्याआधी तर नक्की विचारा. ठमीचं नाव त्या कागदावर जवळजवळ लागलं होतं. मी सारं जाणत होतो आणि दोन दिवस मला एकच उत्तर द्यायची मुभा होती.