गाण्यातली उडी

"अहो, चला ना! पाय काय जमिनीला चिकटलेत?" मामींनी थिएटरच्या दारातच नवऱ्याचं कोपर ओढलं.

"तू बघून ये. मी आपला बाहेर बसतो."

"जन्मभर केबिनच्या झरोक्यातून बघितलात. एकदा खुर्चीत बसून तर बघा!"

याच थिएटरात दोघांची उमेदीची वर्षं गेली होती. ते वर केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर. मामी खाली अंधारात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायच्या, म्हणून सगळ्यांच्या बॅटरीमामी. आणि मधल्या पायऱ्यांवर त्यांची लेक ठकी, शाळा सुटली की दप्तरासकट हजर!

आज लागलेला हाच सिनेमा तेव्हाही लागला होता. उठता-बसता गाणारं कुटुंब, बक्षिसांचा नुसता पाऊस. लोक आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळं घर घेऊन यायचे. पण पहिल्याच खेळाला, आईच्या गाण्यात रीळ तुटलं. ऑपरेटरांनी खराब तुकडा कापून टोकं चिकटवली. एक ओळ गेली ती गेलीच. पडद्यावरची आई खिडकीपाशी गाता गाता टुणकन दारात! लोक शिट्ट्या मारायचे. ठकीला मात्र गाणं तसंच पाठ झालं, उडीसकट. घरी त्या जागी ती खरोखरच उडी मारायची.

मग एका तापात ती गेली. हे गाणं रेडिओवर लागलं, की ऑपरेटर त्याचा कान पिळून तो बंद करायचे.

आणि हल्ली मामींना ठकीचा आवाज आठवेनासा झाला होता. चेहरा दिसायचा, ओठ हलायचे, आवाज नाही. गाण्यात ती उडी आली की तो परत येईल, एवढ्या आशेवर त्या आल्या होत्या.

"अगं, ही नवी प्रत आहे," अंधारात ऑपरेटर कुजबुजले. "धुऊनपुसून चकाचक केलेली. आपला जोड हिच्यात नसणार."

"गप्प बसा हो."

गाणं सुरू झालं. ती जागा आली. आई खिडकीपासून निघाली, सावकाश, एकेक पाऊल टाकत, आणि चालता चालता अख्खी ओळ गायली, 'थांब गं जराशी, मी आलेच, मी आलेच...'

मामींच्या ओठांनी तोवर उडी मारली होती. त्या पुढची ओळ गात होत्या. मोठ्यानं! आणि तो आवाज त्यांचा नव्हता. कोवळा, किंचित नाकातला.

पुढचा माणूस वळला. "ओ आजी, त्या बाईला म्हणू द्या की!"

"तुम्ही पुढे बघा," ऑपरेटर म्हणाले. त्यांनी तो आवाज ओळखला होता. मग ते बायकोच्या कानाशी वाकले. "थांबू नकोस."

त्या थांबल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांचं गाणं पडद्याच्या एक ओळ पुढे धावत राहिलं आणि आधीच संपलं. ठकी गाऊन मोकळी झाली होती.

पडद्यावरच्या आईची मात्र एक ओळ अजून उरली होती.