सगळ्यांना चालेल अशी कॅसेट

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे ‘गिटार’ म्हणत. गिटार तिला वाजवता येत नव्हती. ती तोंडाने वाजवायची. इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये ओली चादर सरकवताना ओठांतून असा काही लांबलचक सूर काढायची, की पलीकडून चादर ओढून घेणाऱ्या बाईला वाटावं, रोलरच बिघडला. रॉक म्हटलं की तिला कशाचं भान राहत नसे. जुनं, नवं, रडकं, दणदणीत, तिला सगळंच प्रिय.

लाँड्रीत एक रेडिओ होता, कॅसेट लावता येणारा. ज्याचा हात आधी पोचेल त्याची मर्जी. मशिनी भरणारा लंबू आला की कानठळ्या बसणारं काहीतरी लावायचा. घड्या घालणाऱ्या मोठ्या बाई हातातलं काम टाकून ते बंद करायच्या. बॉयलरवाले काका मधेच येऊन बातम्या लावायचे, आणि त्या तर कोणालाच नको असायच्या. एके दिवशी लंबूने आणि मोठ्या बाईंनी एकदमच आवाजाचं बटण धरलं. बटण उपटून लंबूच्या हातात आलं. मग शब्दाला शब्द वाढत गेला, अगदी एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचला, आणि या सगळ्या गोंधळात ऑपरेशन थिएटरचे कपडे वर जायला उशीर झाला. लाँड्रीच्या मॅडमनी रेडिओ उचलला आणि आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

त्यानंतर उरली ती नुसती मशिनींची घरघर. काम तेवढंच होतं, पण दिवस सरता सरेना. माणसं एकमेकांवर खेकसायला लागली. लंबू आणि मोठ्या बाई तर कपड्यांची गाडी एकमेकांकडे ढकलतानासुद्धा तोंड फिरवून ढकलत.

शेवटी गिटार मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

“रेडिओ द्या ना मॅडम.”

“परत डोकी फोडायला? सगळ्यांना चालेल असं एक तरी गाणं आहे का गं जगात?”

“असं गाणं नसतं. पण कॅसेट असू शकते.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. “शुक्रवारी जेवणानंतर अर्धा तास देते. एकाने जरी तोंड वाकडं केलं, तरी रेडिओ मी भंगारात टाकीन. कबूल?”

“कबूल,” गिटार म्हणाली आणि जिना उतरून खाली आली.

काय आवडतं हे तिने कोणालाच विचारलं नाही. ते भांडणातून सगळ्यांना पाठ झालेलंच होतं. तिने विचारलं, काय सहन होत नाही. लंबू म्हणाला, “गुळमुळीत. प्रेमात पडून नाक ओढणारे लोक मला सहन होत नाहीत.” काका म्हणाले, “मला गाण्याचं वावडं नाही बाई. पण दिवसभर बॉयलरची फुसफुस ऐकून कंटाळतो. माणूस बोललेला ऐकावासा वाटतो, म्हणून बातम्या.” मोठ्या बाईंनी हातातल्या अभ्र्याची घडी पुरी केली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “पुरुष ओरडायला लागला ना, की माझे हात थांबतात. गाण्यात असो नाहीतर घरात. बत्तीस वर्षं झाली लग्नाला, तरी सवय होत नाही.”

 गिटारने पुढच्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून घडी घातली.

रविवारी दुपारी ती दिराच्या खोलीत शिरली. भावजी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, आणि कमाई सगळी रेकॉर्डींवर उधळायचे. खोलीत पलंगापेक्षा रेकॉर्डींचं कपाट मोठं होतं. वहिनीला काय हवंय ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

“वहिनी, माझा जीव मागा, देतो. पण हे गाणं त्या गाण्याच्या शेजारी ठेवायला सांगू नका. लग्नाच्या कोटाखाली पोहायची चड्डी घातल्यासारखं होईल.”

“कोट दिसला की पुरे. तुम्ही सुई ठेवा.”

“रॉक म्हणजे एक शिस्त असते.”

“शिस्त लाँड्रीत खूप आहे, भावजी. मला थोडी बेशिस्त हवी आहे.”

हळूहळू मात्र भावजींनाच चेव चढला. ‘हे नको, थांबा, याहून भारी देतो,’ असं म्हणत ते गुडघ्यांवर बसून खालचे कप्पे उपसायला लागले. काकांसाठी एक गाणं सापडलं. त्यात गाणारा गातच नव्हता, मागे गिटारी वाजत असताना तो निवांतपणे एका हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता. लंबूसाठी निघाला एक भयंकर दणका, पण त्यात गळा कोणाचाच नव्हता, नुसती वाद्यं. एका गाण्यात बासरी होती, एकात बँडवाल्यांसारखी पितळी वाद्यं, एकात बाजाची पेटी इतक्या संथपणे श्वास घेत होती की भावजींनीच डोळे मिटले. संथ गाण्यावरून दणक्यावर थेट उडी मारली तर माणूस दचकणार, म्हणून मधे तिने नुसत्या ड्रमने सुरू होणारं एक गाणं घातलं, जिना असावा तसं. भावजींच्या टेपरेकॉर्डरच्या बटणावर अंगठा ठेवून ती प्रत्येक गाणं कॅसेटवर नेमकं उचलत होती. दोन वेळा चुकलं. दोन्ही वेळा अख्खी बाजू पुसून पहिल्यापासून केली.

शेवटी थोडी जागा उरली. भावजींनी एक रेकॉर्ड काढली, जरा घुटमळले, आणि परत ठेवायला लागले.

“ती का ठेवलीत?”

“यात बाई ओरडते. म्हणजे चांगलीच ओरडते. तुमच्या त्या मोठ्या बाईंना...”

“लावा.”

गाणं संपल्यावर भावजींनी सुई उचलली. “वहिनी, हे घालू नका. सगळं केलेलं पाण्यात जाईल.”

“त्या म्हणाल्या, पुरुष ओरडला की,” गिटार म्हणाली. “बाईचं काही बोलल्या नाहीत.” आणि तिने अंगठा दाबला.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मॅडमनी रेडिओ आणून टेबलावर ठेवला आणि स्वतः दारातच खुर्ची टाकून बसल्या. गिटारने कॅसेट सरकवली. बासरीचं गाणं सुरू झालं आणि लंबूने नाकपुड्या फुगवल्या. गिटारच्या हातातली चादर रोलरमध्ये वाकडी जायला लागली. पण ड्रम आले, मग बेस आला, आणि लंबू पाठमोराच डोकं हलवायला लागला. दणका सुरू झाला तेव्हा मोठ्या बाईंनी मान वर केली, कोणी ओरडतंय का याची वाट बघितली, आणि कोणीच ओरडेना तेव्हा पुन्हा घड्या घालायला लागल्या. हात मात्र तालात पडत होते, हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. कुत्र्याची गोष्ट लागली तेव्हा काका बॉयलर सोडून दारापर्यंत आले. “सापडला का मग कुत्रा?” त्यांनी विचारलं. “ऐका की,” लंबू म्हणाला. कुत्रा सापडला तेव्हा काकांनी समाधानाने नाक पुसलं.

आणि मग ते शेवटचं गाणं आलं.

आधी गाणारी बाई नुसती पुटपुटत होती. मग गाण्यातली गिटार पेटली, आणि ती बाई ओरडली. अशी ओरडली, की मॅडम खुर्चीत सरळ झाल्या. मोठ्या बाईंचे हात थांबले. अर्धी घडी घातलेली चादर तशीच छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या. लंबूने बाईंकडे बघितलं, मग गिटारकडे, आणि तो हळूच रेडिओ बंद करायला निघाला. भांडण झाल्यापासून बाईंसाठी त्याने केलेली ही पहिली गोष्ट.

“थांब,” मोठ्या बाई म्हणाल्या. “कोणावर ओरडतेय गं ही?”

“नवऱ्यावर,” गिटार म्हणाली.

मोठ्या बाई ऐकत राहिल्या. रेडिओतली बाई श्वास घ्यायला थांबली आणि पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरू झाली.

“मग वाढव की आवाज,” मोठ्या बाई म्हणाल्या.

आवाजाचं बटण तर तुटलेलं. लंबूने खिशातून पक्कड काढली, उरलेला दांडा पकडून फिरवला, आणि लाँड्री दणाणून गेली. वरच्या मजल्यावरच्या दोन नर्स काय झालं म्हणून धावत खाली आल्या आणि जिन्यातच थांबल्या. रोलर फिरत होता, वाफ उठत होती, आणि मोठ्या बाई खांदे मागे टाकून चादर अशी काही झटकत होत्या की तिचा चाबकासारखा आवाज होत होता. गिटार तोंडाने वाजवत होती आणि कधी नव्हे ते तिला कोणी गप्प बस म्हणत नव्हतं.

गाणं संपलं. सगळे मॅडमकडे बघायला लागले. मॅडम उठल्या, खुर्ची घडी करून भिंतीला लावली, आणि म्हणाल्या, “दुसऱ्या बाजूला काहीच नाही का?”

“नाही मॅडम. अर्धाच तास दिला होता.”

“मग हीच परत लाव. कपडे मात्र वेळेवर वर गेले पाहिजेत.”

कपडे त्या दिवशी वेळेच्या आधी वर गेले. आठवड्याभरात दोन्ही नर्सनी आणि काकांनी कॅसेटची नक्कल मागितली. भावजी कुरकुरत बसले नकला करायला, पण प्रत्येकीवर गाण्यांचा क्रम स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिला, आणि वहिनीला म्हणाले, “ते बासरीच्या शेजारी ड्रमचं शोभतं, तिथे मी चुकत होतो.” एवढं त्यांच्या तोंडून निघणं म्हणजे फार झालं.

मोठ्या बाईंनी सगळ्यात शेवटी मागितली, फाटकाजवळ, इकडेतिकडे बघून.

“घरी लावणार?” गिटारने विचारलं. “आणि ते काही म्हणाले तर?”

“म्हणू दे. या आवाजात मला ऐकू आलं तर उत्तर देईन.”

पुढच्या शुक्रवारी लंबू एक कॅसेट घेऊन आला. त्याने स्वतः केलेली. गाणी वेडीवाकडी कापली गेली होती, एकाच्या मधे तर त्याच्या आईची हाक आली होती. मोठ्या बाईंनी पूर्ण ऐकली, आणि मग त्याला शेजारी बसवून कुठे काय जमलं नाही ते एकेक करून सांगायला लागल्या. तो मान डोलावत ऐकत होता. रोलरपाशी उभ्या गिटारने पुढची चादर उचलली, आणि आता आपल्याला नवी कॅसेट केल्याशिवाय गत्यंतर नाही हे ओळखून मनातल्या मनात पहिलं गाणं निवडायला घेतलं.