पेटीतला मे महिना

कानटोपी. मे महिन्याचं ऊन. पेढे. सडका देठ.

पिंपळवंडीत डिसेंबरची थंडी आणि अमृताच्या पॉलिहाऊसमध्ये फवारे धो धो चाललेले. ढोबळी मिरचीला बुरशी लागली, पीक हातचं चाललं. फवारे आपोआप चालू-बंद करणारी पेटी बसवणारा पारस कानटोपी घालूनच आला.

"पेटीतला नियम चोख आहे, ताई. मे लागला की फवारे सुरू."

"आणि आज कोणता महिना आहे, राव?"

त्यानं पेटी उघडली. पंधरा दिवसांपूर्वी पेटीच्या उद्घाटनाला पाहुण्यांना फवारे दाखवायचे म्हणून त्यानंच आतलं घड्याळ मे महिन्यात नेलं होतं. परत आणायचं राहिलं.

"म्हणजे पेटीची चूक नाय."

"नायच की! मिरचीच अडाणी," उपटलेलं झाड त्याच्या हातात कोंबत अमृता म्हणाली. "तिला डिसेंबरच कळतो."

उद्घाटनाला पेढे वाटून पहिली टाळीही पारसनंच वाजवली होती.