चाळीस पौंडांच्या आत

वर्ना कोल्टरच्या पायाला भिंगरी आहे, हे अख्ख्या तळाला ठाऊक होतं. नेब्रास्कात चौतीस वर्षं शाळेची बस चालवून झाल्यावर बाईने दुसऱ्याच महिन्यात घर विकलं, जुनी घरगाडी घेतली आणि निघाली. शेगडी, पलंग, संडास, सगळं चाकांवर. पुढची नऊ वर्षं तिने कुठेही चार महिन्यांवर मुक्काम केला नाही. ॲरिझोनातल्या मेस्कीट बेंड या घरगाड्यांच्या भाड्याच्या तळावर मात्र तिला दोन वर्षं झाली होती, आणि त्याला कारण तिचा उजवा डोळा. गावातला डॉक्टर दर सहा आठवड्यांनी त्यात इंजेक्शन द्यायचा. ते चुकलं की रस्त्यावरची सरळ रेघ वाकडी दिसायची.

तर गाडी जागची हलत नव्हती, म्हणून वर्ना हलायची. सकाळी तळाला चार फेऱ्या, दुपारी टायरची हवा बघणं, नको असताना पाण्याची नळी सोडून पुन्हा जोडणं. स्वस्थ बसणं म्हणून तिला माहीत नव्हतं. शेजारचा ड्वेन, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, खुर्चीतून ओरडायचा, "बाई, बस की घटकाभर! तुझ्याकडे बघून माझेच गुडघे दुखायला लागले."

"ते तुझ्या पोटाच्या भाराने दुखतात," वर्ना न थांबता सांगायची.

जानेवारीत ती गावातल्या प्राण्यांच्या आसऱ्यातून कुत्री घेऊन आली. अकरा वर्षांची, तपकिरी, तोंड पांढरं झालेली. घर सोडून गेलेल्या कुणीतरी हिला आत कोंडून ठेवलं होतं. बरगड्या मोजाव्यात अशी अवस्था, वजन चौतीस पौंड. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचं वजन पन्नास तरी हवं. हळूहळू वाढवा, पण खाऊ घाला."

वर्नाने तिचं नाव ठेवलं मॅज, आणि खाऊ घालायला लागली. कोंबडी उकडायची, भात मऊ करायचा, वर चमचाभर भोपळा. मॅज पहिल्या दिवशी न चावता गिळून ओकली. तीन आठवड्यांत ती बसून, चावून खायला लागली आणि फेऱ्या मारायला वर्नाबरोबर निघाली. गंमत म्हणजे त्या काळात वर्ना चक्क पायरीवर बसलेली दिसायची, मॅजचं डोकं मांडीवर घेऊन. ड्वेनने ते बघून टोपी काढली होती.

आणि मग चिठ्ठी आली.

तळ विकला गेला होता. दोन वर्षांत भाडं तिसऱ्यांदा वाढलं, त्यावर सगळ्यांनी शिव्या दिल्याच. पण वर्नाचं घोडं अडलं ते खालच्या ओळीवर. एक मार्चला वर्षाचा करार करायचा. सही केली तर नवं भाडं वर्षभर तेच राहील, नाही केली तर रोजच्या दराने, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि करार करणाऱ्याचा कुत्रा चाळीस पौंडांच्या आत हवा. वजन सहीच्या वेळी होईल.

ड्वेनचा डॅक्सहुंड अकरा पौंडांचा. बाकीच्यांचीही मांडीवर मावणारी कुत्री. वर्नाने मॅजला तडक डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर नेलं. अडतीस.

"अभिनंदन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात फिरलाय तुमचा तिच्यावर."

वर्ना हसली आणि गाडीत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. तिप्पट भाडं तिला परवडणारं नव्हतं, आणि निघून जाणंही सोपं नव्हतं. गावाच्या आसपासचे तळ दहा वर्षांपेक्षा जुनी घरगाडी आत घेत नाहीत आणि तिची तेवीस वर्षांची होती. मेस्कीट बेंडने तिला ठेवली होती ती आधीपासून आहे म्हणून. एकदा फाटकाबाहेर पडली की परत आत यायची सोय नाही. गावाबाहेर सरकारी माळरान आहे, तिथे चौदा दिवस फुकट राहता येतं, मग जागा बदलायची. वीज नाही, पाणी नाही. तरुणपणी ठीक. सत्तरीला टेकलेल्या, एका डोळ्याच्या बाईने हे किती वर्षं करायचं?

म्हणून तिने मनाशी ठरवलं, एक मार्चपर्यंत वजन नुसतं धरून ठेवायचं. नंतर हवं तेवढं घालू. त्यात काय एवढं.

भात बंद झाला. कोंबडीच्या जागी फरसबी आली, फरसबीने वजन वाढत नाही म्हणतात. मॅजने फरसबी खाल्ली. वाटी चाटली, चाटता चाटता दारापर्यंत ढकलत नेली आणि वर्नाकडे बघत उभी राहिली.

"झालं, पोरी. झालं आता," वर्ना म्हणाली आणि वाटी उचलून ओट्यावर ठेवली.

त्या पंधरा दिवसांत वर्ना तळाला सात-सात फेऱ्या मारायला लागली. मॅजला बरोबर न्यायची, चालण्यानेही वजन उतरतं म्हणून. मॅज मागे पडायची. पायरीवर बसणं बंदच झालं. बसलं की कुत्री येऊन हाताचा वास घ्यायची आणि हात रिकामा असायचा.

"अगं, तिचे केस काप," ड्वेन म्हणाला. "अर्धा पौंड तर तिथेच निघेल."

"तुझी दाढी भादर आधी, तळाचं भाडं उतरेल."

तो हसला, पण खुर्चीतून पुढे झुकून हळूच म्हणाला, "वर्ना, कुत्री वाळलीय गं."

"माहितेय मला!" वर्ना खेकसली. "काय करू सांग. आहे तुझ्याकडे दुसरी जागा?"

ड्वेनकडे नव्हती.

एक मार्चला ऑफिसबाहेर रांग लागली. मॅनेजर ट्रिश पंचेचाळिशीची, मनाने चांगली बाई. नियम तिचे नव्हते, पण शिव्या सगळ्या तिलाच पडत होत्या. घरगाड्यांच्या गॅसच्या टाक्या भरताना ज्या काट्यावर ठेवतात, तोच तिने पुसून दाराशी मांडला होता. ड्वेनचा डॅक्सहुंड त्यावर चढून मुतला आणि रांग हसली. वर्ना हसली नाही.

मॅज लोखंडी फळीवर थरथरत उभी राहिली. काटा हलला, थांबला.

"साडेछत्तीस!" ट्रिश टाळी वाजवून म्हणाली. "मिस वर्ना, सुटलात. या, सही करा. मला खरंच भीती वाटत होती हो."

वर्नाचा जीव भांड्यात पडला. एक वर्ष. डॉक्टर, वीज, पाणी, शेजारी ड्वेनची बडबड. तिने पेन उचललं.

"आणि तू, गुणाची पोरगी," ट्रिशने खणातून एक बिस्किट काढलं आणि मॅजच्या पुढ्यात ठेवलं. "घे. कमावलंस."

मॅजने बिस्किट हुंगलं. तोंडातून लाळ गळली. पण तिने खाल्लं नाही. मान वर करून तिने वर्नाकडे बघितलं, शेपूट पोटाखाली घेतली आणि बिस्किटापासून दोन पावलं मागे सरकली.

"अगं, घे ना," ट्रिश म्हणाली. "लाजते वाटतं."

लाजत नव्हती. ती वर्नाच्या हाताला भीत होती. वाटी उचलणाऱ्या हाताला. त्या बंद घरातल्या माणसाचं तोंड वर्नाने कधी पाहिलं नव्हतं, मनातल्या मनात त्याला हजार शिव्या मात्र घातल्या होत्या. कुत्रीने आता तिला त्याच्याच रांगेत उभं केलं होतं, आणि ती चुकली नव्हती.

वर्नाने पेन खाली ठेवलं.

"ट्रिश, उन्हाळ्यापर्यंत ही पन्नास पौंडांची होईल."

"मिस वर्ना, असं बोलू नका. मी ऐकलं नाही. सही करा आणि जा, पुढचं पुढे बघू."

"पुढे कुणीतरी चिठ्ठी पाठवेल, पुन्हा काट्यावर चढवायला. मग मी पुन्हा तिच्या तोंडचा घास काढीन. मला ओळखते मी, ट्रिश. काढीन मी."

ती खाली वाकली, गुडघे कुरकुरले. बिस्किट उचलून तिने तळहातावर धरलं. मॅजने घेतलं नाही. ट्रिशने ते आपल्या हातात घेऊन पुढे केल्यावर घेतलं. ते वर्नाला फार लागलं.

गाडी निघायला तासभर लागला. ड्वेनने नळी सोडायला मदत केली आणि सगळा वेळ बडबडला. "अक्कल आहे का? त्या डोळ्यांनी माळावर राहणार? पाणी संपलं तर?"

"तू आणून देशील."

"देईन की! म्हणून काय असं करायचं?" त्याने नळी उगाचच दोनदा गुंडाळली.

माळरान बारा मैलांवर होतं. वर्नाने सगळा रस्ता डावा डोळा ताणून गाडी हाकली. तिला भीती वाटत होती, खरीखुरी. सर्वांत जवळची घरगाडी अर्ध्या मैलावर उभी होती. तिने कोंबडी उकडली, भात मऊ केला, वाटी भरून पायरीखाली ठेवली आणि शेजारी बसली.

मॅज जवळ आली आणि थांबली. वाटीकडे बघे, वर्नाच्या हातांकडे बघे. वर्नाने हात मागे घेतले, तरी ती हलेना.

तेव्हा वर्ना उठली, दहा पावलं लांब गेली, कुत्रीकडे पाठ केली आणि दोन्ही हात खिशात घालून खाली मातीत बसली. उठून फेऱ्या माराव्यात असं तिला फार वाटत होतं. ती बसून राहिली. ऊन उतरलं, डोळ्यांतून पाणी आलं, तिने पुसलं नाही, कारण त्यासाठी हात बाहेर काढावा लागला असता.

बऱ्याच वेळाने मागे वाटी खडखडली.