हार सुकेपर्यंत

कळंबच्या रामरावांच्या दालमिलमध्ये खेमसिंग मिस्त्रीनं उभा जन्म काढला, आणि त्याचं त्याला इतकं कौतुक होतं की ऐकणाऱ्याला पाच मिनिटांत जांभई यावी. पेचकसाचं टोक बेअरिंगला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "आठ दिवस चालते, मंग गेलं समजा." नवव्या दिवशी ते बेअरिंग जायचंच. रामरावही त्याच्या कानापुढे हात टेकायचे.

यंदा श्रावणात मात्र मिलमध्ये वैष्णवी आली आणि मिस्त्रीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. लहान कारखान्यांना नवी यंत्रं बसवून देणाऱ्या, कामगारांचे हातपाय शाबूत कसे राहतील ते शिकवणाऱ्या एका संस्थेची ती इंजिनियर. धूळ ओढून घेणारं यंत्र कुठं बसेल, कोणत्या चाकावर जाळी नाही, हे सगळं ती वहीत टिपत हिंडायची. मिस्त्रीला तिचं वावडं नव्हतं. ती नलूची पोरगी होती, हेच त्याच्या जिवाला लागलं होतं.

नलू याच मिलमध्ये डाळ निवडायची. अठरा वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, मोठ्या चाकाच्या पट्ट्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्याआधीचे दिवस काय होते! अंगणभर तेल लावलेली तूर उन्हात पसरलेली, तिचा तो गोडसर वास कपड्यांतून घरापर्यंत जायचा. पंधरा-वीस बाया सुपं घेऊन ओळीनं बसायच्या, आणि भुलाबाईचे दिवस आले की गाण्यापुढे मशीनचा आवाज फिका पडायचा. चिमुकली वैष्णवी पोत्यांवर झोपायची. मिस्त्रीनं एकदा झिजलेल्या पट्ट्याचा झोका करून तिला लिंबाला बांधून दिला होता. तेव्हापासून तो तिचा मामा. आता डाळीतला खडा यंत्रच रंगावरून ओळखतं आणि उडवून देतं. काम चोख होतं, पण यंत्राला गाणं कुठून यायचं? मिस्त्रीला त्या बायांची फार आठवण यायची.

धुळीच्या यंत्राला जागा करायची म्हणून भादव्यात गोदाम रिकामं केलं. बारदान्याच्या ढिगामागून वैष्णवीनं एक गंजलेली लोखंडी जाळी ओढून काढली. तिनं टेप लावून मोजली, मोठ्या चाकाजवळ नेऊन भोकं जुळवली. चारही जुळली.

"मामा, हे जाळी तं याच चाकाची होय."

मिस्त्री तेलाची बुधली शोधायला लागला.

"आईचा हात गेला तेव्हा सगळे म्हणे, त्या काळी जाळ्या कुठं होत्या. तुम्हीच सांगतलं होतं ना? जाळी होती, तं लावली काहून नव्हती?"

खोटं बोलायला मिस्त्रीत आता दम उरला नव्हता. तो पोत्यावर बसला. "जाळी मीनंच करून दसऱ्याच्या दोन दिस आधी बसवली होती, मालकाले दाखवाची राह्यली होती. दसऱ्याची पूजा तुही मायच करे. मले म्हणे, भाऊ, कुंकू चाकाले लावतेत, जाळीले लावते का कोणी? काढा ते. मीनं काढली. तिनं मंग चाकाच्या बैठकीले झेंडूचा हार बांधला. जाळी बसवली असती तं हार चिरडला असता. मीनं म्हतलं, सुकू दे हार, मंग लावतो." त्यानं चाकाखालच्या फरशीकडं बोट दाखवलं. "चौथ्या दिवशी ते चाकाखालची सांडलेली डाळ गोळा करून राह्यलीती. पदर ओढल्या गेला, सोडवाले हात घातला. त्याच सांजी मीनं जाळी गोदामात लपवली. चार बोल्ट होते, पोरी. चारच."

वैष्णवी बराच वेळ अंगठ्यानं जाळीचा गंज खरवडत राहिली. मग वही उचलून म्हणाली, "येते, मिस्त्री."

मामा नाही, मिस्त्री. अठरा वर्षं ज्याची भीती होती ते एका शब्दात झालं.

त्यानंतर ती कामाला येत राहिली, कामापुरतं बोलत राहिली. मोठ्या चाकाला तिनं नवी जाळी करून आणली. तिला हातभर दार होतं, आणि दार उघडलं की मोटर आपोआप बंद पडायची. दार कशाला, असं मिस्त्रीनं विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी रामरावांनी पूजा ठेवली. मिस्त्री चाळणीच्या मशीनमागं फडकं घेऊन उगाच पुसापुशी करत होता. तेवढ्यात वैष्णवीच्या मागून नलू आत आली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झाले होते. ती सरळ चाळणीमागं गेली.

"लपून कायले राह्यले, भाऊ?"

"पोरीनं सांगतलं अशीन तुले."

"ते काय सांगते? मले मालूम नाई का? काढा म्हून मीच तं म्हतलं होतं."

मिस्त्रीच्या हातातलं फडकं गळालं. "मंग इतके वर्षं बोलली काहून नाई?"

"दवाखान्यात रामरावजी आलते, हे कसं झालं ते इचारत होते. तुमी जाळी नव्हती म्हतलं, तं मीबी तेच म्हतलं. माहा हात तं गेलताच. तुमचं काम गेलं असतं, तं तुमचे लेकरं काय खातीन?"

मिस्त्री लहान पोरासारखा रडला. त्याला वाटायचं, आपण एकट्यानं ते ओझं वाहिलं. ते तर या बाईनंही वाहिलं होतं, थोट्या हातानं, आणि तेही त्याच्यासाठी.

नलूनं जाळीचं दार उघडलं. उरलेल्या करंगळीला कुंकू घेऊन चाकाला लावलं, हात जोडले आणि दार बंद केलं. मग झेंडूचा हार मिस्त्रीपुढं धरला. "बांधा. भायेरून."

त्यानं जाळीवर हार बांधला. गाठ तीनदा सुटली.

वैष्णवीनं दाराची कडी हलवून पाहिली, सगळ्यांना मागं सारलं आणि त्याच्याकडं वळली.

"चालू करा, मामा."

मिस्त्रीनं डोळे पुसले, कडी स्वतःही एकदा ओढून पाहिली आणि मग बटण दाबलं.